दात काढून आलेल्या कुत्र्याचं जेवण: पहिले चौदा दिवस

गेल्या पावसाळ्यात आमच्या चिंगीचे एका दिवसात नऊ दात काढावे लागले. चिंगी अकरा वर्षांची, आठ किलोची पांढरी स्पिट्झ. घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, "दोन आठवडे मऊ खायला द्या." मी मान डोलावली आणि तिला रिक्षात घालून इंदूरच्या रामबागेत घरी आणलं.

घरी आल्यावर कळलं की मऊ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा आहे. सासूबाईंच्या मते दूध-पोळी मऊ. सासऱ्यांच्या मते चहात बुडवलेला टोस्ट. शेजारच्या काकू तर मायेने वाटीभर भुट्ट्याचा कीस घेऊन आल्या, कारण तो दुधात शिजतो आणि चावावा लागत नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी टोस्टचा तुकडा चिंगीच्या तोंडात गेला. वरून तो भिजलेला होता, पण कडेचा भाग तसाच कडक राहिला होता. रात्री तिच्या गोधडीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. वरच्या हिरडीचा एक टाका सुटला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा भूल, पुन्हा टाका. त्या म्हाताऱ्या जिवाला हे टाळता आलं असतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदाच या प्रसंगातून जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी हे समजून घ्या: तोंडात नक्की काय झालंय

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. पुढचे छोटे दात एका मुळाचे, ते तुलनेने सहज निघतात. मागच्या दाढांना दोन किंवा तीन मुळं असतात. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ तीन मुळांची. ती काढताना हिरडी बाजूला सारतात, दाढेचे तुकडे करतात, एकेक मूळ सोडवतात, हाडाची टोकं घासून गुळगुळीत करतात आणि मग हिरडी परत ओढून शिवतात. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि खालचं हाड तिच्या आडोशाने भरून येतं. टाके बहुतेक वेळा आपोआप विरघळणारे असतात, ते काढायला जावं लागत नाही. पण हिरडी जुळून येईपर्यंत सगळी भिस्त त्या बारीक धाग्यांवर असते. कडक कड, हाडाचा कण, ओढाताणीचं खेळणं, यांतलं काहीही टाका ओढू शकतं.

दवाखान्यातून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या: कोणत्या बाजूचे, वरचे की खालचे दात काढले, पहिलं खाणं किती वाजता द्यायचं, कोणतं औषध जेवणानंतर, कोणतं केव्हा, गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायची का, तपासणीला कधी यायचं. तुमच्या कुत्र्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर खाली दिलेले घरगुती पदार्थ जसेच्या तसे देऊ नका, त्याचं जेवण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. इन्शुलिन चालू असेल तर जेवणाची आणि सुईची वेळ दोन्ही विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

चिमटीची परीक्षा

आमच्या घरातला गोंधळ एका नियमाने मिटला. जे द्यायचं ते आधी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यायचं आणि हलकेच दाबायचं. जोर न लावता त्याचा लगदा झाला, बोटाला एकही कण टोचला नाही, तरच ते ताटलीत जाणार. पोळीचा पदर चिमटीत चिवट लागतो, तुटत नाही, म्हणून पोळी बाद. टोस्ट, खारी, बिस्किट कितीही भिजवलं तरी मध्ये गाभा राहतो, म्हणून बाद. भाताचं शीत नुसतं चपटं होऊन भागत नाही, ते विरलं पाहिजे. आपण ज्याला गुरगुट्या भात म्हणतो, तापातून उठलेल्या मुलाला देतो तसा आसट, तोच चालतो.

हा नियम मी कागदावर लिहून फ्रिजवर लावला आणि चिंगीच्या ताटलीची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवली. हे फार महत्त्वाचं आहे. सगळे प्रेमाने एकेक घास देतात आणि कोणी काय दिलं हे कोणालाच माहीत नसतं. सासऱ्यांना मी हात जोडून म्हटलं, "बाबा, तिला द्यायचं असेल तर माझ्या डब्यातलंच द्या, पण तुमच्या हाताने द्या." त्यांना ते पटलं. रोज संध्याकाळी चार वाजताचा घास त्यांचा ठरला.

पहिली रात्र

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला वेळ लागतो. कुत्रं झोकांड्या खातं, कुईकुई करतं, लाळ गाळतं. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट उभं राहेपर्यंत तोंडात काही घालू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणीसुद्धा आधी दोन-तीन घोट, मग अर्ध्या तासाने पुन्हा थोडं. तहानेने भांडंभर पाणी एकदम प्यायलं की उलटी होते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी खायला परवानगी दिली असेल, तर नेहमीच्या जेवणाच्या पाव ते अर्ध्या भागापेक्षा जास्त नको. चिंगीला मी पहिल्या रात्री पातळ केलेल्या खिचडीचे चार चमचे दिले. त्यातले दोन तिने चाटले आणि झोपली. तेवढं पुरे होतं. बरीचशी कुत्री दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खायला लागतात. लाळेत गुलाबी झाक एक-दोन दिवस दिसते, पाण्याच्या भांड्यातही रंग उतरतो, त्याने घाबरू नका. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं, त्यामुळे पुढे दीड-दोन दिवस शी झाली नाही तरी तेही नेहमीचंच.

काय द्यायचं आणि कसं करायचं

सगळ्यात सोपं आणि पोटाला सवयीचं: रोजचेच डॉग फूडचे दाणे भिजवून. दाणे आधी कोरडे मोजा, मग भिजवा. भिजल्यावर ते फुगतात आणि ताटली भरलेली दिसते, म्हणून भिजलेले मोजले तर कुत्रं अर्धपोटी राहतं. एक वाटी दाण्यांना एक वाटी कोमट पाणी, झाकून पंधरा ते वीस मिनिटं. मोठ्या दाण्यांना जास्त वेळ लागतो. मग एक दाणा मधोमध फोडून बघा. बाहेरचा भाग लोण्यासारखा होतो आणि आत कोरडी, फिक्या रंगाची टिकली राहते. ती टिकली दिसली तर अजून पाणी घाला. शेवटी काट्याने किंवा हातानेच कुस्करून घ्या. रोजचंच खाणं असल्यामुळे पोट बिघडत नाही, शिवाय त्यात जीवनसत्त्वं आणि क्षारांचं प्रमाण बरोबर असतं, म्हणून पूर्ण चौदा दिवस हेच दिलंत तरी चालेल. तयार ओलं खाणं, पाकिटातलं किंवा डब्यातलं, तेही उत्तम. फक्त त्यातल्या मांसाच्या फोडी मोडून घ्या, आणि एकदम सगळं न बदलता रोजच्यात मिसळत आणा.

खायला कुरकुर करत असेल तेव्हा खिचडी कामाला येते. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. फोडणी नाही, मीठ नाही, हिंग नाही. कुकर पडल्यावर रवीने घोटायचं, वरणासारखं एकजीव होईपर्यंत. वाफवलेला लाल भोपळा त्यातच कुस्करला तर चव येते आणि शी साफ होते.

मांसाहार चालत असेल तर बिनहाडाचं चिकन पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवा. इथे मी सुरुवातीला चुकले होते. शिजलेलं चिकन हाताने तोडलं की लांब धागे निघतात, आणि ते धागे टाक्यांत अडकतात. चिंगी पंजाने तोंड खाजवत बसली तेव्हा टॉर्च लावून पाहिलं, तर खालच्या हिरडीवर चिकनचा दोऱ्यासारखा तंतू लोंबत होता. बोट घालून ओढू नका. मी तिला कोमट पाणी पाजलं आणि तो आपोआप सुटला. त्यानंतर चिकन मिक्सरच्या छोट्या भांड्यात त्याच्याच पाण्याबरोबर वाटून घ्यायला लागले. ते पाणी फेकू नका, वासाने भूक चाळवते. बाजारातले सूपचे क्यूब मात्र वापरू नका, त्यांत मीठ असतं आणि बहुधा कांदा-लसूणही. अंडं पूर्ण शिजवून, तेलाशिवाय, कुस्करून चालतं.

आमच्याकडे घरात चिकन शिजत नाही. मी ते मागच्या ओट्यावर वेगळ्या शेगडीवर करते. ज्यांना तेवढंही शक्य नाही त्यांनी मन खट्टू करू नये. भिजवलेले दाणे, मुगाची खिचडी, थोडं घरचं ताजं पनीर अगदी बारीक कुस्करून, चमचा-दोन चमचे गोडसर दही, एवढ्यात दोन आठवडे निभतात. दुधाचं तेवढं जपून. पिल्लूपण संपलेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि आधीच अशक्त असलेल्या कुत्र्याच्या अंगातलं पाणी कमी होतं.

किती द्यायचं याचा अंदाज येत नसेल तर एक हिशोब सांगते. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे ४०० कॅलरी लागतात, हिंडत्या-फिरत्याला त्याहून बऱ्याच जास्त. नेहमीसारखा मोकळा शिजलेला भात १५० ग्रॅम आणि शिजलेलं चिकन १२० ग्रॅम यांत साधारण तेवढ्या होतात. गुरगुट्या भातात पाणी जास्त, त्यामुळे ताटली भरते पण ताकद तेवढी मिळत नाही. म्हणून एका वेळी पोट तुडुंब भरण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा द्या. आणि नुसता भात-चिकन किंवा खिचडी हा दोन आठवड्यांचा आधार आहे, कायमचं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम आणि इतर गोष्टी पुरेशा नसतात.

इंदुरी घरातलं काय दूर ठेवायचं

कांदा-लसूण सगळ्यात आधी. कच्चा, शिजलेला, तळलेला, पावडर, कोणत्याही रूपात नको. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात आणि कुत्रं दमल्यासारखं वागतं. शस्त्रक्रियेतून उठलेल्याला हे अजिबात परवडणारं नाही. रविवारी सकाळी घरोघरी पोहे येतात आणि पोहे मऊ असतात, म्हणून "चिंगीला दोन घास दे" असं कोणीतरी म्हणतंच. त्यावर कांदा, शेव आणि जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा तिखट-आंबट मसाला, असतो. पोह्यांचा एक घासही नको.

साबुदाण्याच्या खिचडीत मिरची आणि दाण्याचं कूट. भुट्ट्याच्या किसात मिरची, फोडणी आणि दूध. काकूंचा कीस मी आभार मानून आम्हीच खाल्ला आणि त्यांना कारण नीट सांगितलं. त्यानंतर त्या उकडलेला भोपळा आणायला लागल्या. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणजे शिरा मऊ असला तरी मनुका घातलेला नको. चॉकलेट नको. बाफल्याचं (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्याचं) तूप, साय, लोणी यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, "अशक्त झालीये, तूप घाल" या सल्ल्याला नम्रपणे नाही म्हणा. उन्हाळा असेल तर गार वाटावं म्हणून बर्फाचे खडे चघळायला देण्याची पद्धत आहे. बर्फ दगडासारखा कडक असतो, या काळात तोही बंद.

आणि हाड कोणतंच नाही. शिजवलेल्या हाडाच्या तर काडीसारख्या टोकदार कपच्या होतात.

ताटली, वेळ आणि जागा

खोल वाडग्यात तोंड घातलं की कडा हिरडीला लागते. पसरट स्टीलची ताटली घ्या. गळ्यात कॉलर असेल तर ताटली पाटावर ठेवा, म्हणजे कॉलर जमिनीला अडणार नाही.

खाणं कोमट असावं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, बाळाच्या दुधासारखं. गारेगार खाण्याला वास नसतो आणि दुखऱ्या तोंडाचं कुत्रं वासावरच खायचं की नाही ते ठरवतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंत तर ढवळूनच द्या, मध्ये चटका लागेल एवढं तापलेलं राहतं. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर ताटली उचला. आपल्याकडच्या मे महिन्यात ओलं खाणं फार लवकर आंबतं. शिजवलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही.

पहिले दोन दिवस चिंगी ताटलीकडे बघायची आणि तोंड फिरवायची. मग मी बोटावर थोडं घेऊन तिच्या नाकासमोर धरलं आणि गप्प बसून राहिले. तिने आधी वास घेतला, मग जिभेचं टोक लावलं, मग बोट साफ केलं. भूक असते, पण लागेल म्हणून भीती वाटत असते. जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. डॉक्टरांनी सिरिंजने भरवायला सांगितलंच असेल तर ज्या बाजूला टाके नाहीत त्या गालाच्या फटीतून, थेंबथेंब, गिळायला वेळ देत.

फिरायला नेताना दोरी आखूड ठेवा. कोपऱ्यावर पडलेलं हाड किंवा भुट्ट्याचं बुरकुंड उचलायला त्यांना एक सेकंद पुरतो.

औषधं

दुखणं थांबलं तरच कुत्रं खाईल, म्हणून औषधाची वेळ चुकवू नका. कुत्र्यांना बहुतेक मेलॉक्सिकॅमसारखं सूज आणि दुखणं कमी करणारं औषध देतात, वजनावर मोजून, काही खाल्ल्यानंतर. रिकाम्या पोटी त्याने पोटात जखम होऊ शकते. कुत्र्याने काहीच खाल्लं नसेल तर औषध तसंच ढकलू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

माणसांची गोळी कधीही देऊ नका. रात्री दहा वाजता एका औषधाच्या दुकानात मला "अर्धी पेनकिलर द्या, काही होत नाही" असं सांगितलं गेलं होतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा करतात. पॅरासिटामॉलही डॉक्टरांच्या मापाशिवाय धोक्याचं आहे. मी ती गोळी घेतली नाही याचं मला आजही समाधान आहे.

गोळी गिळवण्यासाठी जबडा ताणू नका. पातळ औषध मिळतं का ते विचारा, नाहीतर गोळी खिचडीच्या छोट्या गोळ्यात लपवा. दह्यातून देण्याआधी मात्र विचारा, काही अँटिबायोटिक दुधाच्या पदार्थांबरोबर नीट शोषली जात नाहीत. दोन आठवडे जखमेच्या जागी ब्रश नको.

लगेच फोन कधी करायचा

चोवीस तास उलटूनही काहीच खाल्लं नाही. लाल रक्त थांबत नाही, टपटपतंय. पुन्हा पुन्हा उलट्या. शी डांबरासारखी काळी. गालाची किंवा डोळ्याखालची सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय. काही दिवसांनी तोंडाला सडका वास. छोट्या पिल्लाच्या आणि अगदी लहान जातींच्या बाबतीत चोवीस तासही थांबू नका, त्यांची साखर पटकन उतरते.

एक लक्षण लोकांना कळत नाही, म्हणून वेगळं सांगते. वरचा सुळा काढल्यावर कुत्रं पाणी पिताना शिंकत असेल, नाकातून पाणी किंवा खाण्याचे कण येत असतील, तर त्याला सर्दी समजू नका. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या पोकळीला अगदी चिकटून असतं आणि तिथला टाका सुटला की तोंड आणि नाक यांच्यात भोक राहतं. ते पुन्हा शिवावं लागतं. नेहमीच्या डॉक्टरांना अवघड वाटलं तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, तिकडे न्यायचं का हे त्यांनाच विचारा.

परत नेहमीच्या खाण्याकडे

दहा ते चौदा दिवसांनी डॉक्टर तोंड उघडून बघतात. त्यांनी हिरडी जुळली असं सांगेपर्यंत कुत्रं कितीही उड्या मारत असलं तरी मऊच. चिंगी सातव्या दिवशी चपला पळवायला लागली होती, आम्ही सगळ्या चपला कपाटात ठेवल्या.

परवानगी मिळाल्यावर भिजवण्याचा वेळ हळूहळू कमी करा. वीस मिनिटांवरून दहा, तीन-चार दिवसांनी पाच, मग नुसता पाण्याचा हबका. कुठल्याही टप्प्यावर एका बाजूनेच खाताना दिसलं, दाणे तोंडातून गळायला लागले, तर एक पाऊल मागे या. बरेच दात गेलेलं कुत्रं जेवणार कसं ही काळजी मला रात्र-रात्र होती. कुत्री आपल्यासारखी चावत बसत नाहीत, बरंचसं गिळतात, आणि सडके, दुखरे दात गेल्यावर उलट जास्त आवडीने खातात.

चघळायला काही द्यायचं असेल तर त्यावर अंगठ्याचं नख रोवून बघा. नखाचा वण उमटला नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कडक. शिंगं, खूर, मोठी हाडं यांत जातात, आणि वरची मोठी दाढ फुटते ती बहुधा यांच्यामुळेच.

चिंगीला आता कोरडे दाणे चालतात, पण तिला भिजवलेलेच आवडतात. रोज चार वाजता सासरे वाटी आणि कोमट पाणी घेऊन बसतात, वीस मिनिटं घड्याळ बघतात, एक दाणा फोडून आतली टिकली गेली का ते पाहतात आणि मगच तिला हाक मारतात.